काटा, हीटर आणि वाफ : सोलापूर रस्त्यावरच्या तापलेल्या इंजिनांचा इतिहास

(कासुर्डी, ता. दौंड येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी काही प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की आपल्याकडे किल्ले, लढाया, तह असं काहीतरी ऐकायला मिळणार अशी अपेक्षा असते. आज तसलं काही नाही. आज मी बोलणार आहे गाडीच्या इंजिनात फिरणाऱ्या पाण्याबद्दल. विषय ऐकून समोरचे दोघंचौघं हसले, ते मी पाहिलं. पण हा विषय मला सुचला तो याच गावच्या शिवेवर, म्हणून तो इथेच मांडायचा असं ठरवलं होतं.

झालं असं. बरीच वर्षं झाली, तुमचा इथला टोलनाका तेव्हा चालू होता. मी एक जुनी, दुसऱ्या हाताची गाडी घेतली होती. वॉटर पंप गळत होता म्हणून पुण्यात एका गॅरेजमध्ये तो बदलून घेतला. मेकॅनिक लोकांच्या भाषेत सांगायचं तर 'वॉटर बॉडी' नवी टाकली, कूलंट नवा भरला, बिल दिलं आणि दोन दिवसांनी सोलापूरला निघालो. हडपसर गेलं, लोणी काळभोर गेलं, उरुळी कांचन गेलं, आणि इथे नाक्याच्या रांगेत थांबलो तसा तापमानाचा काटा वर चढायला लागला. घाबरून गाडी कडेला घेतली. गॅरेजला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं, 'साहेब, आम्ही काम बरोबर केलंय, तुमचा रेडिएटर जुना आहे.' झालं. म्हणजे दुरुस्ती बरोबर, गाडीही माझीच, आणि तापतंय ते मात्र कुणामुळे ते कळेना.

रस्त्याच्या कडेला एक छोटं दुकान होतं. पंक्चर, वेल्डिंग आणि विहिरीवरच्या इंजिनांची कामं. तिथले मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी मला एक प्रश्न विचारला. म्हणाले, 'हीटर लावा बरं.' मला वाटलं, या बाबाचं डोकं फिरलं. एप्रिल महिना, दुपारची वेळ, आणि गाडी आधीच तापलेली. तरी लावला. आतून गार वारा आला. मिस्त्री म्हणाले, 'हवा धरलीय. पाणी फिरतच नाही.'

मिस्त्रींनी गाडी तासभर थंड होऊ दिली, मग हवा काढली, पाणी भरलं, आणि मी सोलापूरला पोचलो. पण मनात एक प्रश्न राहिला. ज्या भागात हीटर वर्षातून दहा दिवससुद्धा कुणी लावत नाही, तिथल्या माणसाला हीटर लावून बघायचं कसं सुचलं? आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर आहे.

पाणी उकळायचं की उकळू द्यायचं नाही?

सुरुवात रेल्वेपासून करू. १८५८ सालाच्या जूनमध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस रूळ पुढे भिगवणजवळच्या दिकसळपर्यंत पोचले. म्हणजे उरुळी, यवत, केडगाव, पाटस, दौंड हा सगळा पट्टा देशातल्या अगदी सुरुवातीच्या रेल्वेमार्गांपैकी एक. मुंबईच्या बाजूचा बोरघाट मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला.

वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं ते उकळण्यासाठी. उकळलेलं पाणी वाफ होऊन निघून जायचं, म्हणून ठरावीक अंतरावरच्या स्टेशनांवर पाण्याच्या टाक्या आणि इंजिनात पाणी सोडायचे ते मोठे उभे नळ. आणि पाणी कसं असावं, हा प्रश्न तिथेच पहिल्यांदा आला. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड, क्षारांचं. ते उकळलं की क्षार मागे राहतात आणि बॉयलरच्या आतून थर धरतात. घरच्या बंबाला किंवा गिझरला आतून धरतो ना, तसाच. हा थर उष्णता पलीकडे जाऊ देत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मोटारीचं इंजिन याच्या बरोबर उलटं. त्यात जाळ सिलिंडरच्या आत लागतो आणि पाणी बाहेरून फिरतं ते फक्त उष्णता वाहून न्यायला. ढोबळ हिशेब असा की जाळलेल्या इंधनातली साधारण एक तृतीयांश शक्ती चाकांच्या कामी येते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून धुरावाटे जाते आणि उरलेली एक तृतीयांश उष्णता इंजिनाच्या धातूत शिरते. ती बाहेर काढली नाही तर काही मिनिटांत इंजिन जाम.

कार्ल बेंझच्या १८८५-८६ च्या पहिल्या मोटारीत हे काम अगदी भाबड्या पद्धतीने व्हायचं. सिलिंडरभोवती पाणी, ते तापून वाफ होऊन जायचं, संपलं की नवं ओतायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बेर्था नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला, शंभरेक किलोमीटर, ही गाडी घेऊन गेली. वाटेत तिला पुन्हापुन्हा पाणी भरावं लागलं. लांब पल्ल्याचा मोटारीचा पहिला प्रवास, आणि त्यातही पाण्यासाठी थांबणं आलंच.

खरा बदल झाला तो १९००-०१ च्या सुमाराला. विल्हेल्म मायबाख या इंजिनिअरने मर्सिडीजसाठी मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. ८०७० बारीक चौकोनी नळ्या एकमेकींना जोडलेल्या, त्यातून वारा जायचा आणि नळ्यांच्या फटींतून पाणी. तेच तेच पाणी गार होऊन परत इंजिनात. आजच्या तुमच्या-माझ्या गाडीचा रेडिएटर त्याच कल्पनेचा वंशज आहे.

विहिरीवरचं इंजिन : उघडं पाणी

आता परत आपल्या भागात येऊ. मोटार इथल्या सामान्य माणसाच्या हातात फार उशिरा आली. त्याच्या आधी इंजिन आलं ते विहिरीवर.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली हे तुम्हाला माहीत आहे. शंतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू केली. सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्यातही डिझेल इंजिनं होत. मोटेची जागा या इंजिनांनी घेतली. इथे मागे बसलेल्या आजोबांनी ती इंजिनं हँडल मारून चालू केली असतील. ते मान हलवताहेत, म्हणजे केली आहेत.

त्या इंजिनाला पाणी कुठून मिळायचं? ज्या विहिरीचं पाणी ते उपसायचं, त्याच पाण्यातली एक बारीक नळी पंपावरून काढून इंजिनाला जोडायची. गार पाणी एका बाजूने आत, कोमट पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर, आणि तिथून थेट पाटात. रेडिएटर नाही, पंखा नाही, झाकण नाही. इंजिन बरं चाललंय की नाही हे बघायला त्या बाहेर पडणाऱ्या धारेखाली हात धरायचा. धार बारीक झाली तर नळी चोंदली. धार फार गरम लागली तर आत क्षार धरले. धार तुटक यायला लागली तर पंपाने हवा धरली.

'हवा धरली' हा शब्द मोटारीतून आलेला नाही, तो विहिरीवरून आलेला आहे. विहिरीवरचा पंप म्हणजे आत फिरणारं पंख्यासारखं चाक. ते चाक पाणी फेकतं, पण हवा फेकू शकत नाही. फूट व्हॉल्व गळाला, पाइप रिकामा झाला, तर चाक नुसतं गरगर फिरतं आणि पाणी काही चढत नाही. मग वरून बादलीने पाणी ओतून पंप भरायचा, हवा बाहेर काढायची, आणि मग चालू करायचा. डिझेलच्या नळीतसुद्धा हेच. टाकी कोरडी पडली की 'एअर घेतली', मग नट ढिला करून बुडबुडे जाईपर्यंत हात पंप मारायचा.

मुठेच्या कालव्याचं पाणी, विहिरी, ऊस आणि गुऱ्हाळं, यांवर उभ्या राहिलेल्या या पट्ट्यात हे ज्ञान शाळेतून आलं नाही. उसाला पाणी वेळेवर लागतं, नाही दिलं तर पीक जातं. म्हणून ते ज्ञान आलं.

गाडीतला वॉटर पंप हा विहिरीवरच्या पंपाचाच धाकटा भाऊ आहे. तेच फिरणारं चाक, तोच दोष. माझ्या गाडीत पुण्याच्या गॅरेजने पंप बरोबर बसवला होता. पाणी भरलं होतं. पण भरताना आतली हवा काढली नव्हती. म्हणजे थोडक्यात, पंप न भरता मोटर चालू केली होती. या भागातला माणूस ही चूक विहिरीवर कधी करणार नाही.

एसटी, पद्मिनी आणि झाकणाखालचं पाणी

पुढचा टप्पा रस्त्यावरचा. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली. बेडफर्ड बनावटीची. म्हणजे ती शेजारच्या शिरूरवरूनच गेली. १९५४ मध्ये टेल्कोने जर्मन कंपनीशी करार करून ट्रक बनवायला घेतले. वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, म्हणजे याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर त्यांचंच. त्यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईत कुर्ल्याला गाड्या बांधायला सुरुवात केली, १९५४ पासून फियाट ११००, आणि तीच पुढे पद्मिनी झाली.

या गाड्या घाटात उकळायच्या. बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग, वाफेचे लोट आणि हातात डबा घेऊन पाणी शोधणारे वडील, हे दृश्य माझ्या पिढीच्या सगळ्यांनी पाहिलंय. घाटातच का? कारण इंजिनावर भार जास्तीत जास्त आणि वेग कमीत कमी. उष्णता भरपूर होते आणि समोरून वारा लागत नाही. पद्मिनीचा पंखा पट्ट्यावर, इंजिनाच्या फेऱ्यांवर चालायचा. इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू.

मग हळूहळू व्यवस्था बंदिस्त होत गेली. रेडिएटरला दाबाचं झाकण आलं. हे झाकण म्हणजे आपला कुकर. आपण इथे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहोत, उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. पण झाकणाने आत साधारण एक वातावरणाइतका जास्तीचा दाब धरला तर तेच पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणून झाकणाचं रबर गेलं, स्प्रिंग ढिली पडली, तर बाकी सगळं ठीक असूनही गाडी उकळते. लहानशी वस्तू, पण दोन दोन महिने लोकांना फिरवते.

दाबाबरोबर धोकाही आला. उघड्या बेडफर्डचं झाकण काढलं तर फार तर थोडी वाफ यायची. आजच्या गरम गाडीचं झाकण काढलं तर दाब एकदम सुटतो, आतलं ११० अंशांचं पाणी त्या क्षणाला वाफ होतं आणि तोंडावर, हातावर, छातीवर येतं. मंडळी, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एवढं राहू द्या. गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. फडकं टाकूनसुद्धा नाही. वरचा होज पाइप हाताला थंड आणि मऊ लागेपर्यंत थांबायचं.

मग पाण्यात औषध आलं. ग्लायकॉल हा पदार्थ वुर्ट्झ नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५६ मध्ये बनवला. १९२० च्या दशकात तो थंड देशांत गाड्यांच्या पाण्यात घालायला लागले, कारण तिकडे हिवाळ्यात पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटायचा. निम्मं पाणी, निम्मं ग्लायकॉल केलं तर ते उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. दौंड तालुक्यात उणे ३७ कधी होणार? म्हणून आपल्याकडे बरीच वर्षं लोकांनी त्याला पैशाचा अपव्यय मानलं आणि नळाचं, बोअरचं पाणी भरलं. त्यांचं अगदीच चुकलं असं नाही. गंमत म्हणजे उष्णता वाहून नेण्यात शुद्ध पाणी ग्लायकॉलपेक्षा सरसच आहे. पण कूलंटमध्ये गंज रोखणारी रसायनंही असतात आणि त्यांचीच आपल्याला जास्त गरज. बोअरच्या पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांत तोच थर धरतो, जो रेल्वेच्या बॉयलरला धरायचा.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली. इंजिन आडवं, पंखा विजेवर, आकार छोटा. पंखा आता इंजिनाच्या वेगावर अवलंबून नाही, पाणी तापलं की स्विच लागतो आणि पंखा फिरतो. सोय मोठी झाली. पण बघा, पाणी कमी झालं आणि तो स्विच पाण्याऐवजी हवेत राहिला, तर त्याला गरमी कळतच नाही. पंखा लागत नाही. काही गाड्यांत काट्याचा सेन्सरसुद्धा असाच कोरडा पडतो, मग काटा खाली आणि इंजिन मात्र आतून भाजतंय.

विहिरीवरच्या इंजिनाची धार हाताला लागायची. आजच्या गाडीत पाणी दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही, आणि चालकाला कळतं ते फक्त एका काट्यावरून. काही नव्या गाड्यांत काटाही नाही, नुसता दिवा आहे, तो लागतो तेव्हा बऱ्याचदा उशीर झालेला असतो. आणि म्हणूनच मालक आणि गॅरेज यांच्यात भांडणं होतात. दोघांनाही आतलं दिसत नाही.

हीटर म्हणजे खिडकी

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे. हीटर का?

मोटारीतला हीटर म्हणजे डॅशबोर्डमागे बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनाचं गरम पाणी त्यातून फिरतं आणि पंखा त्यावरून वारा आत ढकलतो. १९३० च्या दशकात थंड देशांत हा रुळला. आपल्याकडे एसीबरोबर तो आपोआप येतो आणि कुणी वापरत नाही. कित्येक गाड्यांत तो गळायला लागला की मेकॅनिक दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून टाकतात, 'कशाला पाहिजे आपल्याला' म्हणून.

पण तो छोटा रेडिएटर बऱ्याच गाड्यांत उंचावर असतो, आणि पाणी कमी झालं की हवा आधी उंच जागी जाते. म्हणजे विहिरीवरच्या इंजिनाच्या धारेखाली हात धरायची जी सोय होती, ती आजच्या गाडीत फक्त एका ठिकाणी उरली आहे. हीटरच्या झडपेसमोर हात धरा, आत काय चाललंय ते कळतं. त्या मिस्त्रींनी नेमकं तेच केलं होतं. मी नंतर त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, 'अहो, धार बघितली.' मला त्या दिवशी कळलं नाही.

दुरुस्तीनंतर गाडी तापत असेल तर चार शक्यता ध्यानात ठेवा.

पहिली. काटा वर आणि हीटरमधून गार वारा. म्हणजे पाणी कमी आहे किंवा हवा अडकली आहे. पंप, रेडिएटर, होज काहीही बदलल्यावर सगळ्यात जास्त दिसणारा दोष हाच.

दुसरी. काटा वर आणि हीटर चांगला कढत. म्हणजे पाणी आहे आणि फिरतंय, पण त्याची उष्णता बाहेर जात नाही. मग पंखा बघा, रेडिएटर आतून चोंदलाय का बघा, बाहेरून माती आणि कचरा बसलाय का बघा. थर्मोस्टॅट बंद अडकला असेल तरीही असंच दिसतं. उसाच्या हंगामात या रस्त्यावर पाचटाचा भुसा जाळीत बसतो, तो काढा.

तिसरी. काटा वरच येत नाही आणि हीटर जेमतेम कोमट. म्हणजे थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा कुणीतरी काढून टाकलाय.

चौथी. काटा मध्यावर अगदी ठीक, पण हीटर गार. मग हीटरला जाणाऱ्या दोन नळ्यांना हात लावा. एक गरम आणि एक गार असेल तर हीटरच आतून चोंदलाय किंवा त्याचा व्हॉल्व बंद आहे.

अजून एक गोष्ट बघा : कधी तापते? पालखीच्या दिवसांत तुकोबांची पालखी लोणी, यवत, वरवंड असे मुक्काम करत या रस्त्याने जाते. त्या गर्दीत गाडी माणसाच्या चालीने सरकते. तेव्हाच तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर नीट होत असेल, तर संशय पंख्यावर. उलट, पालखीत नीट आणि ऐंशीच्या वेगाने पाटसकडे जाताना तापत असेल, तर संशय चोंदलेल्या रेडिएटरवर, पंपावर किंवा पंपाच्या ओढीने आत दबणाऱ्या मऊ पडलेल्या होजवर.

आणि हवा काढायची पद्धत. इंजिन पूर्ण थंड. जमलं तर गाडीचं तोंड चढावर. हीटर पूर्ण गरमवर. पाणी सावकाश भरायचं, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो ढिला करून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत. मग इंजिन चालू करून तसंच संथ चालू ठेवायचं आणि पातळी खाली जाईल तशी भरत राहायची. पाणी वर येऊ लागलं, तापू लागलं की झाकण लावायचं. थर्मोस्टॅट उघडला की दोन्ही मोठे होज गरम होतात. पंखा दोनदा लागून बंद झाला, हीटर कढत आला, की काम झालं. गाडी थंड झाल्यावर पातळी परत बघायची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा. काही गाड्यांची पद्धत थोडी वेगळी असते, ती पुस्तिकेत दिलेली असते.

हे सगळं करूनही हवा पुन्हा पुन्हा धरत असेल, तर मात्र थांबा. मग ती हवा बाहेरची नसते, सिलिंडरमधला धूर पाण्यात येत असतो. म्हणजे हेड गॅस्केट गेलं. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडापेक्षा जवळजवळ दुप्पट फुगतं. वरचं हेड ॲल्युमिनियमचं आणि खालचा ब्लॉक लोखंडी असेल तर एकदा जोरात तापलं की हेड वाकतं. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा पांढरट साय, धुराला गोडसर वास, बाहेर कुठेही न गळता कमी होणारं पाणी, या खुणा आहेत. आणि यात एक गोष्ट अशी की पहिल्यांदा तापली तेव्हा बिघाड दोनशे रुपयांच्या झाकणाचा असू शकतो. 'गाव आलंच की' म्हणून दहा किलोमीटर चालवली की तो हेडचा होतो. ज्याचा टेम्पो पहाटे मार्केट यार्डला माळवं घेऊन जातो, त्याच्या घरात त्या दहा किलोमीटरची किंमत किती महिने भरावी लागते, ते तुम्हाला मी सांगायला नको.

शेवटी

मला या इतिहासात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. रेडिएटर मायबाखचा, ग्लायकॉल वुर्ट्झचा, कारखाना वालचंद शेटजींचा. यांची नावं आणि सालं पुस्तकांत आहेत आणि असावीत. पण विहिरीवरचं इंजिन ज्यांनी पन्नास वर्षं चालवलं आणि तेच शहाणपण मोटारीला लावलं, त्यांची कुठे नोंद नाही. विहिरीवर आता विजेची मोटर आहे, सौर पंप आहे. धारेखाली हात धरणारी पिढी थकत चालली. त्यांच्याजवळ बसून, 'इंजिन तापलं की तुम्ही काय बघायचात?' एवढं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. पुण्यात माझ्या गाडीच्या बाबतीत जे चुकलं, ते बेइमानीने नाही चुकलं. त्या मुलाने पंप कसा बसवायचा ते शिकलं होतं, पंप का भरायचा ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं.



प्रश्नोत्तरं

*श्रोता : सर, आमच्याकडे सगळे मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकायला सांगतात. म्हणतात गाडी थंड राहते.*

यामागे इतिहास आहे, भाऊ. जुन्या गाड्यांत थर्मोस्टॅट बंद अडकला की गाडी उकळायची आणि नवा भाग लवकर मिळायचा नाही. तेव्हा काढून टाकणं हा व्यवहारी उपाय होता. पण इंजिन साधारण ८५-९० अंशांवर चालावं असं बांधलेलं असतं. थंड चाललं तर डिझेल-पेट्रोल जास्त जातं, ऑइल लवकर खराब होतं. शिवाय नव्या गाडीचा कॉम्प्युटर इंजिन अजून थंडच आहे समजून जास्त इंधन सोडत राहतो. आणि मूळ दोष रेडिएटरमध्ये असेल तर तो झाकला जातो. नवा टाका, थोडक्यात भागतं.

*श्रोता : रस्त्यात तापली, जवळ गॅरेज नाही, तर काय?*

एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर, काचा खाली. पाणी फिरत असेल तर हीटर दुसरा रेडिएटर म्हणून काम करतो. त्यातूनही काटा उतरला नाही तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद. तासभर थांबा. उघड्या तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नका, धातू तडकतो. थंड झाल्यावर साधं पाणी भरून गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, नंतर मात्र ते काढून डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरा.

*एक ताई : काढलेला जुना कूलंट आम्ही अंगणातच ओततो. काही होतं का?*

ताई, हा प्रश्न विचारलात ते फार बरं झालं. ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी असतं. कुत्रं, मांजर, लहान मूल चाटू शकतं, आणि थोडंसुद्धा किडनीला घातक ठरतं. अंगणात, गटारात, विहिरीजवळ ओतायचं नाही. झाकणाच्या डब्यात भरून, वर लिहून, उंचावर ठेवा आणि जुनं ऑइल नेणाऱ्या गॅरेजकडे द्या. आणि पाण्याच्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका. कूलंट हिरवा असो की गुलाबी, मुलांना तो सरबतासारखाच दिसतो.

*मागे बसलेले आजोबा : आमच्या विहिरीवरल्या इंजिनाची धार मी जिभेला लावून बघायचो. गोडं पाणी की खारं, तेपण कळायचं.*

आजोबा, हे मी आत्ता लिहून घेतो.